घोरमामांची आफ्रिकेतली कंपनी

घोरमामांनी आयुष्यात कुणालाही ‘काळजी करू नका’ असं म्हटलं नाही. घरात कुणी आजारी पडलं की बाकीचे नातेवाईक धीर द्यायला यायचे, चहा घ्यायचे, ‘होईल सगळं व्यवस्थित’ म्हणायचे आणि जायचे. मामा उंबऱ्यातच थांबून अंथरुणाकडं बघायचे आणि म्हणायचे, “काळजीचंच हाय हे.” मग मोटरसायकल काढायचे आणि डॉक्टरला मागं बसवूनच परत यायचे. माझ्या आईला, म्हणजे त्यांच्या थोरल्या बहिणीला, त्या वाक्याचा राग यायचा. पण दुखणं आलं की ती पहिला निरोप त्यांनाच धाडायची.

हे नावही एका परीनं आईनंच दिलेलं. बेंबळीच्या शाळेत असताना आभाळ भरून आलं की मामा तास सोडून घराकडं पळायचे, कारण गोठ्यातली कालवड दावं तोडून गेली असेल अशी त्यांना शंका यायची. ‘ह्याच्या जिवाला कायम घोर,’ असं आई म्हणायची आणि आम्ही भाचरांनी त्याचं घोरमामा करून टाकलं. ते कधी रागावले नाहीत. घोरमामा म्हणून हाक मारली की वळून लगेच विचारायचे, “काय झालं?”

आयटीआय करून त्यांनी कळंबला बाजार समितीच्या मागं शेती अवजारांचं वर्कशॉप टाकलं. सुरुवातीला नांगराचे फाळ, कोळप्याच्या पासा, पत्र्याचे दरवाजे, पडेल ते काम. पुढं टोकण यंत्रात त्यांचा जम बसला. चाकाला चोची असलेलं, हातानं ढकलायचं यंत्र. चोच मातीत घुसते, उघडते आणि बी पडतं. वाकून टोकण करणाऱ्या बायांच्या कमरेला आराम मिळतो. मामा प्रत्येक जोडावर गरजेपेक्षा जास्त वेल्डिंग करायचे. यंत्र जड व्हायचं, गिऱ्हाईक कुरकुर करायचं, पण ते मोडत नसे. यंत्र विकलं तरी त्यांचा जीव त्यातून सुटायचा नाही. पेरणीच्या दिवसांत ते एकेका शेतकऱ्याला फोन लावायचे. समोरचा ‘चाललंय झकास’ म्हणाला की मामा म्हणायचे, “तसं नगा सांगू. खरं सांगा.”

मी बी.कॉम. होऊन कळंबलाच जीएसटी आणि विवरणपत्रं भरायचं लहानसं ऑफिस उघडलं तेव्हा माझं पहिलं गिऱ्हाईक मामाच होते. त्यामुळे पुढचं सगळं मला जवळून बघायला मिळालं.

टाळेबंदी उठून गेल्यावर कधीतरी वर्कशॉपमधल्या एकानं टोकण यंत्राचा व्हिडिओ मोबाईलवरून जगभर सोडला. आणि एक दिवस टांझानियातल्या मोरोगोरो नावाच्या गावाहून एका बाईचा संदेश आला. रेहेमा तिचं नाव. नवरा वारलेला, मुलं मोठी, तिथं बाजारात शेतीच्या सामानाचं दुकान. तिला यंत्रं हवी होती. मामांनी ही नक्की फसवणूक आहे असं ठरवून टाकलं आणि माझ्याकरवी तिला दुकान दाखवायला सांगितलं. तिनं फोन हातात धरून सगळं दुकान फिरून दाखवलं, कुदळी, दोर, फवारणीचे पंप. मग तिनंही तेच मागितलं. वर्कशॉप दाखवा म्हणाली. मामांना त्याचा फार आनंद झाला. बाई विचारती म्हणजे खरी असणार, असं त्यांचं म्हणणं.

तिकडं मोठ्या बाईला मान म्हणून ‘मामा’ म्हणतात, आई या अर्थानं. मी मामांना मामा म्हणायची आणि तिला मामा रेहेमा. फोनवर मी ‘मामा’ म्हटलं की दोघंही एकदम बोलू लागायचे.

पहिली काही यंत्रं एका व्यापाऱ्याच्या मालाबरोबर गेली आणि खपली. मग त्यांच्या नकला बाजारात आल्या. पातळ पत्र्याच्या, तसाच रंग, वर मामांच्या वर्कशॉपचंच नाव. एका हंगामात त्यांच्या चोची वाकल्या आणि लोक मोडकी यंत्रं घेऊन रेहेमाच्या दारात उभे राहिले. तिनं कळवलं की तुमची इथं कंपनी नाही, नाव नोंदवलेलं नाही, तोवर कुणीही तुमचं नाव छापेल आणि मला काही करता येणार नाही. मामा त्या दिवशी जेवले नाहीत. मोडलेलं यंत्र त्यांचं नव्हतं, पण नाव त्यांचं होतं, आणि कुठल्या तरी शेतात पेरणी अडली होती, एवढं त्यांना पुरेसं होतं.

परदेशात कंपनी काढायची ही गोष्ट कळंबला कळायला वेळ लागला नाही. बाजारात लोक त्यांना थांबवून बोलू लागले. आफ्रिकेची तूर इथं येते आणि आपला भाव पाडते, आणि तुम्ही त्यांनाच पेरायचं यंत्र नेऊन देणार का, असं एका अडत्यानं भर चौकात विचारलं. चेष्टा होती, पण तिला धार होती. तूर आमच्या सगळ्यांच्या घरात पिकते. मामा म्हणाले, “तूर टोकणाऱ्या बाईची कंबर हितं बी दुखती आन तिथं बी दुखती. मला येवढंच कळतं.” घरी आल्यावर मात्र त्यांनी मला तीनदा विचारलं की त्या माणसाचं खरं तर नाही ना. त्याचं ठाम उत्तर मला आजही देता येत नाही.

दार-ए-सलामच्या एका सल्लागाराचा नंबर कुणीतरी दिला. मूळचा भारतातला, तिथं स्थायिक झालेला. कंपनी आठवड्याभरात होते, माल आत्ताच बोटीवर चढवा, बोट लागेपर्यंत कागद तयार असतील, असं तो म्हणाला. हंगाम तोंडावर होता, त्यामुळे मामांनी मनाविरुद्ध कंटेनर पाठवला. वर्कशॉपनं वर्षभरात केलेलं सगळं काम त्यात होतं. कंटेनर गेल्यावर ते मला म्हणाले, “तू येत असशील तर जातो. एकट्याच्यानं व्हनार न्हाय.”

पासपोर्ट, पोलीस चौकशी, पिवळ्या तापाची लस, प्रत्येक ठिकाणी मामा ‘काय इसरलोय का आपण?’ असं विचारत होते. मामींनी धपाटे आणि शेंगदाण्याची चटणी बांधून दिली. त्या कधी जिल्ह्याच्या फार बाहेर गेलेल्या नव्हत्या. निघताना त्यांनी माझा हात धरून ठेवला. मीही पहिल्यांदाच देश सोडत होते. विमानात मामा डोळे मिटून बसले होते आणि मी त्यांना धीर देतेय असा आव आणून खिडकीबाहेर बघत होते.

दार-ए-सलामला उतरल्यावर मात्र एक मजा झाली. रिक्षावाला बोलला त्यातले शब्द मामांच्या कानात अडकू लागले. दुकानाला दुका, हिशेबाला हेसाबू, वक्ताला वाकाती, खबरबातीला हबारी. मराठवाड्यात वाढलेल्या माणसाला हे परके वाटेनात. मामा माझ्याकडं झुकून हळूच म्हणाले, “निजाम हिकडं बी यून गेला का काय गं?” त्या प्रवासातलं त्यांचं हे एकच हसरं वाक्य.

सल्लागाराचं ऑफिस काचेचं, थंडगार होतं. त्यानं थंड पेय मागवलं आणि मसुदा पुढं सरकवला. कंपनीला दोन भागीदार लागतात. दुसरा भागीदार म्हणून त्याच्या मेहुण्याचं नाव होतं आणि मोठा हिस्सा त्या मेहुण्याचा होता. मी विचारलं तेव्हा तो मोकळेपणानं म्हणाला की हे फक्त कागदावर आहे. इथला माणूस पुढं दिसला की कामं पटापट होतात, धंदा तुमचाच राहणार. मी मामांना मराठीत सांगितलं, कंपनीत कागदावर जो मालक असतो तोच मालक असतो, बाकी बोलण्याला किंमत नाही. मामांनी त्याला हिंदीत विचारलं की उद्या मेहुण्याचं मन फिरलं तर. तो हसला. म्हणाला, “टेन्शन मत लीजिए, अंकल.” मग त्यानं आठवण करून दिली की कंटेनर बंदरात लागला आहे, कंपनीचा कर क्रमांक मिळाल्याशिवाय तो सुटणार नाही आणि पाऊस कुणासाठी थांबत नाही.

हे सगळं खरं होतं, म्हणूनच भीती वाटत होती. मामांनी एक दिवस मागून घेतला. बाहेर रस्त्यावर आल्यावर ते झाडाखाली थांबले. त्यांचा चेहरा उतरला होता. म्हणाले, “म्या त्याला इतकं इचारलं, पण हे अवघड हाय असं त्यो एकदाबी म्हनला न्हाय. ज्याला स्वतःला घोर न्हाय, त्यो आपल्या मालाचा घोर कशाला करंल?” मी म्हटलं, पण माल अडकला तर? “अडकंल,” ते म्हणाले. “पन आपला ऱ्हाईल.”

दुसऱ्या दिवशी रेहेमा मोरोगोरोहून बसनं आली. अंगावर रंगीत कांगा गुंडाळलेला, डोक्याला तसंच कापड, हातात पिशवी. फोनवर इतकी बोललेली बाई प्रत्यक्षात फार अवघडून बसली. आम्ही बंदराजवळच्या एका खानावळीत होतो. सल्लागाराचं सगळं मी तिला इंग्रजीत सांगितलं. तिच्या चुलत भावाचं दुकान असंच नावापुरत्या भागीदारानं घेतलं होतं, असं ती म्हणाली. मग मामांनी तिला विचारायला सांगितलं, तीच भागीदार होईल का. हिस्सा लहान, पण संचालक दोघं.

ती म्हणाली की तिला मामांची भीती वाटते. तुम्ही माझ्या नावावर कंपनी काढाल, काही भानगड कराल आणि विमानात बसून निघून जाल. इथं मी आणि माझी मुलं राहू, सरकार आम्हाला धरेल. परक्या देशातल्या माणसावर भरवसा ठेवावा का, हे येण्याआधी तिनं शेजारच्या गुजराती दुकानदाराला विचारलं होतं, दिराला विचारलं होतं, मौलवींनाही विचारलं होतं. तरी झोप लागली नव्हती. हे सांगताना तिचे डोळे भरून आले आणि मला वाटलं, संपलं सगळं.

मी चाचरत मामांना ते सांगितलं. मामांच्या चेहऱ्यावरचा ताण मात्र सैल झाला. ते म्हणाले, “हिला बी घोर हाय. मग जमंल.” आणि मला म्हणाले, “तिला सांग, तुमचं भ्यानं बरोबर हाय. तुमच्या मुलांफुडं बसून सगळे कागद वाचू. न्हाय पटलं तर म्या माल घिऊन माघारी जातो.”

तसंच झालं. मोरोगोरोला तिच्या घरी, तिच्या दोन्ही मुलांसमोर, एका म्हाताऱ्या वकिलानं नव्यानं केलेला सगळा मसुदा स्वाहिलीत आणि मी मराठीत वाचला. वकील सारखा चष्मा पुसायचा आणि हे असं असं अडू शकतं, ते तसं अडू शकतं, म्हणून सांगायचा. मामांना तो फार आवडला. नावात मामांना ‘काळी’ हा शब्द हवा होता, आपल्या जमिनीसाठी, कारण मोरोगोरोच्या वाटेवर त्यांना तशीच फुटलेली, भेगाळलेली काळी रानं दिसली होती. वकील आधी हसला. त्यांच्या भाषेत काली म्हणजे धारदार, कडक. चावऱ्या कुत्र्याच्या पाटीवर तो शब्द असतो. पण अवजाराला धारच हवी, असं रेहेमा म्हणाली आणि नाव ठरलं.

नोंदणीनंतर कंपनीचं खातं उघडताना बँकेत सहीचा घोळ झाला. मामा मराठीत सही करायचे आणि धास्तीनं एक सही दुसरीसारखी येईना. खिडकीतला माणूस कागद परत करू लागला. मी शेवटी पेन त्यांच्या हातात ठेवून विचारलं, मामा, यंत्रात मक्याला बियाची चकती कितव्या नंबरची लावायची आणि तुरीला कोणती? ते सांगू लागले, मक्याचं बी चपटं असतं, तुरीचं गोल, आणि सांगता सांगता खाली तीन सह्या करून मोकळे झाले. तिन्ही सारख्या होत्या.

कंपनी उभी राहिली. पण सल्लागार सोडल्यामुळे वेळ गेला होता. कर क्रमांक आला, बंदरातले कागद झाले, कंटेनर सुटला, तोवर तिथं पाऊस पडून पेरण्या उरकत आल्या होत्या. यंत्रं मोरोगोरोच्या शेडमध्ये उतरवताना बाहेर हिरवं रान दिसत होतं. मामा त्या रानाकडं बघत उभे राहिले. मला वाटलं, आता म्हणतील की त्या सल्लागाराच्या मसुद्यावर सही करायला हवी होती. ते तसं काही म्हणाले नाहीत. फक्त रेहेमाला विचारायला सांगितलं, शेडचं छप्पर गळतं का.

कळंबला परत आल्यावर वर्ष कठीण गेलं. वर्कशॉपमधले दोघं दुसरीकडं कामाला गेले. तो अडत्या आता चेष्टाही करत नसे, नुसता बघून मान हलवायचा, आणि ते जास्त लागायचं. मामींनी एकदा मला बाजूला घेऊन विचारलं, तिकडं नक्की कंपनी आहे ना? मी प्रमाणपत्र दाखवलं. त्यांना इंग्रजी येत नव्हतं, पण मामांचं नाव कुठं आहे ते विचारून त्यांनी त्यावर बोट ठेवलं.

पुढच्या हंगामात यंत्रं विकली गेली. फार नाही, पण गेली, आणि मोडली नाहीत. किरकोळ काही बिघडलंच तर रेहेमाच्या धाकट्या मुलानं तिथंच दुरुस्त केलं. मामांनी त्याला शिकवून ठेवलं होतं. नकला बंद झाल्या नाहीत, पण आता तक्रार करायला कंपनी होती आणि दोनदा रेहेमानं तशी केलीही. दर रविवारी सकाळी मामा तिला फोन लावायचे. तोवर मोडक्यातोडक्या शब्दांत दोघांचं भागू लागलं होतं. मामा पाऊस विचारायचे, ती पाऊस विचारायची. कळंबला आभाळ कोरडं असलं की तिकडचं ऐकून मामांना बरं वाटायचं, निदान कुठंतरी पडतोय म्हणून.

गेल्या वर्षी दिवाळीनंतर, सकाळी वर्कशॉप उघडून मामा ऐरणीपाशी खाली बसले. छातीत दुखतंय म्हणाले. धाराशिवला नेईपर्यंत ते शुद्धीवर होते. गाडीत मी त्यांना ‘काही होत नाही’ असं म्हणणार होते, पण त्यांच्याकडं बघून तसं म्हणवेना. मी त्यांचा हात धरला आणि म्हटलं, मामा, मला भीती वाटतेय. ते म्हणाले, “व्हय. मला बी.” त्यानंतर ते बोलले नाहीत.

मामा-मामींना मूल नव्हतं. चौदावं झालं आणि माझ्या डोक्यात किडा वळवळू लागला. परदेशातल्या त्या कंपनीत आता एकच संचालक जिवंत होती. शेड तिच्या गावात, माल तिच्या ताब्यात, खातं तिला चालवता येणार. मामींचा हक्क कायद्यानं होता, पण तो इथून तिथं जाऊन मिळवायचा कुणी आणि किती वर्षांत? अशा कंपन्यांचं काय होतं ते मी कामाच्या निमित्तानं वाचलेलं होतं. रेहेमाला मामा गेल्याचं कळवलं तेव्हा ती फोनवर खूप रडली होती. नंतर तिचा फोन आला नाही. मीही केला नाही. काय ऐकावं लागेल याची मला धास्ती होती.

आणि मग ती स्वतः आली. मुंबईहून पुण्याला, पुण्याहून एसटीनं कळंबला, तसाच कांगा गुंडाळून. स्टँडवर लोक वळून बघत होते. घरी येऊन ती मामींशेजारी खाली बसली. दोघींना एकमेकींचा एक शब्द कळत नव्हता. मामींनी तिच्यापुढं पाणी ठेवलं, तिनं मामींच्या पाठीवर हात ठेवला, आणि दोघी रडल्या. मी भिंतीला टेकून उभी होते आणि विचार करत होते, आता विषय कसा काढू.

तो तिनंच काढला. पिशवीतून एक पाकीट काढून माझ्या हातात दिलं. मामांचा हिस्सा मामींच्या नावावर व्हावा आणि त्या संचालक व्हाव्यात, यासाठी तिच्या बाजूनं लागेल ते सगळं त्या म्हाताऱ्या वकिलाकडून करून, सह्या करून ती आली होती. मी म्हटलं, हे तुम्ही परत गेल्यावर निवांत केलं असतं तरी चाललं असतं.

“विमान पडलं असतं तर?” ती इंग्रजीत म्हणाली. “माझी मुलं चांगली आहेत. पण मी नसताना ती चांगली राहतील का, हे मला कसं कळणार?”

मी मामींना ते मराठीत सांगितलं. मग त्यांनी विचारलं, “मला जावं लागंल का तिथं?”

“एकदा तरी,” मी म्हटलं. “बँकेत सहीला.”

मामी उठल्या. पेटीतून मामांचा स्वेटर काढून त्यांनी तो उलटा सुलटा करून पाहिला आणि रेहेमाकडं न बघता मला म्हणाल्या, “तिला इचार, तिकडं थंडी असती का.”